नाजूकच्या शेजारी

माझं लग्न एका बुरशीमुळे मोडता मोडता राहिलं, असं मी सांगायला लागलो की पाहुणे हातातला कप खाली ठेवतात आणि माझी बायको तो उचलून आत जाते. तिने हे पुष्कळदा ऐकलं आहे. शिवाय दर खेपेला त्यातलं माझं वागणं थोडं थोडं सुधारत चाललंय, असं तिचं निरीक्षण आहे. तेव्हा आता लिहूनच टाकतो. लिहिलं की सुधारायला फारसा वाव राहत नाही.

बुरशी भातावरची. तिच्यामुळे जो रोग पडतो त्याला करपा म्हणतात. नावातच सगळं आलं. आणि ती बुरशी ज्यांनी आयुष्यभर सांभाळली ते माझे पहिले साहेब. खडकवासल्याच्या रस्त्याला, कालव्याच्या कडेला, तेव्हा भात संशोधनाचं एक लहानसं केंद्र होतं. आता तिथे सातमजली इमारती आहेत आणि त्यांना झाडांची नावं दिलेली आहेत. त्या केंद्रात मी शेतकी पदवी घेऊन हंगामी सहायक म्हणून लागलो. साहेबांचं काम एका दमात सांगता येईल असं होतं. ठिकठिकाणहून भाताची नवी वाणं यायची, साहेब त्यांना मुद्दाम करपा लावायचे आणि कोण तगतं, कोण जळतं ते लिहून ठेवायचे. डॉक्टरचं काम असतं त्याच्या बरोब्बर उलटं. म्हणून शेजारच्या विभागात त्यांना 'उलटे वैद्य' म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाले, "वैद्य म्हणतात? म्हणजे अजून मान आहे."

मी रुजू झालो त्या दिवशी पाऊस पडत होता आणि साहेब त्या पावसात झारीने रोपांना पाणी घालत होते. उंच, वाळके, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला पंचा, गळ्यात सुतळीला बांधलेलं भिंग. समोरच्या वाफ्यातली रोपं अशी करपली होती की कोणी त्यांच्यावरून निखारे ओढून नेलेत असं वाटावं. मला वाटलं, पहिल्याच दिवशी छाप पाडायची संधी चालून आली.

"सर, रोग फार पडलाय. फवारणी करायला हवी."

झारी थांबली.

"शिकलात कुठे?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं.

"पदवीचा कागद जपून ठेवलाय ना?"

"हो, सर."

"बदलून देतात का विचारा."

आणि झारी पुन्हा सुरू झाली.

रोग लावणं हे कसबाचं काम आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्या घरच्या भाताला तो आपोआप लागायचा. इथे त्यासाठी खपावं लागे. रोपांना युरिया सढळ हाताने द्यायचा, म्हणजे ती लाडावून मऊ आणि हिरवीगार होतात. गेल्या वर्षीची रोगट पानं कात्रीने बारीक चिरायची आणि पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तशी वरून टाकायची. दिवसातून चार वेळा झारी, संध्याकाळी ओलं गोणपाट. "लाड, ओल आणि वाईट संगत," साहेब म्हणायचे, "एवढ्यावर वाटेल तो बिघडतो. जो बिघडत नाही तो आपल्याला हवाय."

ही वाईट संगत पुरवणारा एक खास इसम होता. ते एक जुनं वाण होतं; त्याला करपा हटकून लागायचाच. दर दहा ओळींमागे त्याची एक ओळ आणि वाफ्याच्या चारी अंगांना त्याचंच कुंपण. कागदोपत्री त्याला काहीतरी लांबलचक नाव होतं. शेतावरच्या बायका त्याला नाजूक म्हणत. या बायकांच्या म्होरक्या हौसाबाई. धायरीच्या, केंद्रातल्या कुठल्याही अधिकाऱ्याहून जुन्या. दर हंगामात पहिला ठिपका त्यांना दिसायचा. डोळ्याच्या आकाराचा, मधे राखाडी, कडेला तपकिरी. मग त्या बांधावरून आरोळी द्यायच्या, "सायेब! नाजूकरावांनी डोळा उघडला बगा!"

साहेब वाफ्याकडे धावत. धावत म्हणजे खरंच धावत, रबरी बुटांचा पचपच आवाज करत. भिंगातून तो ठिपका पाहत. आणि दुसऱ्या दिवशी पेढे.

"आमच्यात पोरगं आजारी पडलं तर कुणी पेढं वाटत न्हाय, बाई," हौसाबाई पेढा तोंडात टाकत म्हणायच्या.

"तुमच्या पोरावरून दुसऱ्यांची परीक्षा घ्यायची नसते."

साहेबांचा धर्म म्हणाल तर हा एवढाच. नाजूक आजारी पडला पाहिजे. तो पडला, तरच शेजारच्या ओळी निरोगी आहेत या म्हणण्याला काही अर्थ. नाजूकच जर टुणटुणीत राहिला, तर त्या वर्षी बाकीच्यांच्या तब्येतीबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. कारण मग एवढंच सिद्ध होतं की रोग आला नव्हता.

हा नियम त्यांनी वाफ्यापुरता ठेवला असता तर ते लोकप्रिय झाले असते. त्यांनी तो सदाशिव पेठेत आणला. तिथे त्यांचं घर होतं, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरी. खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत. आपण उभ्या नोकरीत कोणाचा पैसा खाल्ला नाही, असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. साहेबांनी एकदा विचारलं, "कुठल्या खात्यात होतात आपण?"

"जुनी दप्तरं सांभाळायचं खातं."

"मग बरोबर. तिथे वाळवीशिवाय खाणार कोण?"

साहेबांच्या पुतणीला सांगून आलेल्या स्थळाची गोष्ट तर काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, स्वतः सांगत. मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "मुलगा अगदी निर्व्यसनी आहे हो."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं. "कोणी पाजून पाहिली आहे का?"

काकू म्हणायच्या, "मी चहा घेऊन बाहेर आले तर हे एकटेच. म्हटलं, पाहुणे? तर म्हणतात, 'पुरावा आणायला गेले असतील.'"

मंडईत ते भोकं पडलेली पालेभाजी निवडून घेत. भाजीवाली ताजी, गुळगुळीत जुडी पुढे करायची. हे म्हणायचे, "ही किड्यानेसुद्धा खाल्ली नाही. मी कशाला खाऊ?"

त्यांच्या घरी फ्रिज आला तो बुरशीसाठी. त्या काळी फ्रिज म्हणजे घरातलं मोठंच कार्य; पेठेतल्या बायका बघायला आल्या. काकूंनी दार उघडून दाखवलं तर आत खाकी पाकिटांच्या चळती. प्रत्येक पाकिटात वाळलेली रोगट पानं, वर गावाचं नाव आणि वर्ष. अठरा वर्षांचा करपा. दुधाचं पातेलं, लोणी आणि काकू यांना मिळून दाराचा कप्पा. "लोकांचे नवरे रोग घेऊन घरी आले तर डॉक्टरकडे जातात," काकू म्हणाल्या. "आमचे आणतात तो गारव्याला ठेवतात."

ही पाकिटं हापिसात ठेवायला त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून हंगामाच्या तोंडाला स्वारगेटहून बसने, मांडीवर पिशवी घेऊन, ते करपा खडकवासल्याच्या रस्त्याला नेत. एकदा मी बरोबर होतो. बसला ही गर्दी. कंडक्टर म्हणाला, "काका, पिशवी खाली ठेवा. काय आहे एवढं त्यात?"

"साथ."

"कसली?"

"भाताची. तुम्ही पोळी खात असाल तर घाबरू नका."

पुढच्या दोन थांब्यांत आमच्या आजूबाजूची बाकं रिकामी झाली. साहेब म्हणाले, "पाहिलंत? पुण्यातला माणूस हलतो. योग्य कारण द्यावं लागतं."

आता माझ्याकडे येतो. इथून पुढे मी फारसा शोभत नाही, पण त्याला इलाज नाही.

मी हंगामी होतो. माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगी साहेबांच्याच पेठेतली, दोन गल्ल्या टाकून पलीकडची. मला ती पसंत होती. तिला मी फारसा नापसंत नव्हतो, आणि याहून जास्त माझ्या वाट्याला पुढेही कधी आलं नाही. तिच्या वडिलांची अट एकच, नोकरी कायम झाली पाहिजे. ते टपाल खात्यात होते. आपण चिकटवलेली कुठलीही गोष्ट सुटता कामा नये असं त्यांना वाटायचं.

कायम करण्याचा कागद केंद्रप्रमुखांच्या टेबलावर होता. त्यांना आम्ही बडे साहेब म्हणायचो. बड्या साहेबांनी स्वतः एक वाण तयार केलं होतं. बारीक दाणा, शिजताना चार घरांत वास जावा असं. आमच्या वाफ्यात ते बावन्नाव्या ओळीत होतं, म्हणून आम्ही त्याला बावन्न म्हणायचो. त्या वर्षी आमच्या चाचणीतून बावन्न सुटलं की ते मावळातल्या शेतकऱ्यांना वाटायचं ठरलं होतं. आणि ते बघायला मुंबईहून मंत्रालयातले पाहुणे येणार होते.

पाहुणे यायच्या बारा दिवस आधी बड्या साहेबांनी मला बोलावलं.

"दर वर्षी तुमच्या त्या वाफ्याकडे बघवत नाही हो. भाताचं संशोधन केंद्र आहे की स्मशान?"

"सर, तो मुद्दामच तसा..."

"मला शिकवताय?" त्यांनी टेबलावरच्या कागदांची चळत सरळ केली. माझा कागद सर्वांत वर होता. "यंदा वाफा नीटनेटका दिसायला हवा. एवढंच."

'फवारणी' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. मोठी माणसं असले शब्द आपल्याला शोधू देतात.

आमचे साहेब तेव्हा तीन दिवस लोणावळ्याला जाणार होते. लोक लोणावळ्याहून चिक्की आणतात, हे करपा आणत. नाजूकने अजून डोळा उघडला नव्हता, म्हणून घाटावरची ताजी रोगट पानं आणून त्याला जोर द्यावा असा बेत. निघताना मला म्हणाले, "झारी चार वेळा. गोणपाट संध्याकाळी. आणि नाजूककडे लक्ष असू द्या."

मी लक्ष दिलं. नाजूकच्या आयुष्यात त्याच्या तब्येतीची अशी काळजी तोवर कोणी घेतली नव्हती. अवजारांच्या खोलीत एक पाठीवरचा फवारणीचा पंप होता. आमच्या विभागात त्याला काय काम? कोळ्यांनी त्याच्यावर संसार थाटले होते. तो मी काढला, बुरशीनाशक कालवलं आणि वाफ्यात उतरलो.

हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "ह्ये काय चाललंय? सायेब आल्यावर इचारून करा की."

"वरून हुकूम आहे, हौसाबाई."

"वरून म्हंजी? आभाळातनं?"

"साहेबांना मीच सांगेन. तुम्ही मधे पडू नका." आणि पंप मारला. एवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मारला.

साहेब लोणावळ्याहून आले ते खुशीत. पिशवीभर पानं आणि पेढ्यांचा पुडा, दोन्ही बरोबरच. पानं चिरून पसरली, झारी, गोणपाट, सगळं यथासांग. चार दिवस गेले. सहा गेले. नाजूक सरळ उभा. पान न् पान हिरवंगार, नवरदेवासारखं.

पुढचे दिवस मी कुठे बघायचं ते न कळून काढले. साहेब सकाळी वाफ्याशी उकिडवे बसत ते दुपारपर्यंत. भिंग डोळ्याला. एकदा मी मागून गेलो तर ते त्या ओळीशी बोलत होते. "काय झालंय तुला? काही चुकलं का आमचं?" इतक्या मऊपणाने ते जिवंत माणसाशी बोललेले मी ऐकले नव्हते. मग त्यांनी दोष शोधायला सुरुवात केली, आणि तो स्वतःच्या घरात शोधला. फ्रिजचं दार उघडं राहिलं असेल. वीज गेली असेल. काकूंना त्यांनी इतके प्रश्न विचारले की काकूंनी बोलणं टाकलं. शेवटी एक दिवस ते मला म्हणाले, "रोगातला जीवच गेलाय बहुतेक. माझ्याकडे राहून मवाळ झाला." आणि थोड्या वेळाने, "टाकून द्या म्हटलंय घरी. सगळी पाकिटं."

हे ऐकून मी काय केलं? झारी भरून आणली.

पाहुणे आले. वाफा बघून मंडळी खूष. बडे साहेब बावन्नाव्या ओळीशी उभे राहून सांगत होते, "बघा. एक डाग दाखवा." पाहुण्यांपैकी एकाने खरंच वाकून पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या. फोटो निघाला. त्यात मी डाव्या टोकाला आहे. चेहरा असा की चाचणी बहुधा माझीच झाली असावी.

"आणि ज्यांनी ही चाचणी घेतली ते?" पाहुण्यांनी विचारलं.

आमचे साहेब वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला नाजूकपाशी होते. ते उठून आले. गुडघ्याला चिखल.

"काय म्हणता? बावन्न पास ना?" बड्या साहेबांनी विचारलं.

"सगळेच पास आहेत, साहेब," ते म्हणाले. "बावन्न पास, त्रेपन्न पास, नाजूकसुद्धा पास. परीक्षेचे पेपरच वाटले गेले नाहीत आणि शाळेचा निकाल मात्र उत्तम."

बड्या साहेबांचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे रोग आला नाही हा वाणाचा दोष?"

"वाण चांगलं की वाईट ते मला माहीत नाही. ते माहीत करून घ्यायला मला इथे ठेवलंय. यंदा मी ते केलेलं नाही."

पाहुणे गाड्यांत बसून गेल्यावर साहेब झारी ठेवायला अवजारांच्या खोलीत गेले. मी मागोमाग. आणि तिथे ते थांबले.

आता मला सांगा, चोरी करावी आणि वर घर झाडून जावं, असं कोणी करतं का? माझ्या आईने मला एक सवय लावली होती, वापरलेली वस्तू धुऊन जागेवर ठेवायची. मी तो पंप आतून-बाहेरून धुतला होता. दांड्याला तेल दिलं होतं. पाणी निथळावं म्हणून खुंटीला उलटा टांगला होता. त्या धुळकट, जळमटलेल्या खोलीत तो देवघरातल्या समईसारखा लखलखत होता. गेले आठ-दहा दिवस मी रोज त्या खोलीत जात होतो आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"पंप कोणी धुतला?"

"मी, सर."

त्यांनी भिंग उचललं, पंपाच्या नळीवर धरलं, सोडलं.

"सवय चांगली आहे," म्हणाले आणि बाहेर पडले.

ते ओरडले असते तर मी रडलो असतो आणि प्रकरण मिटलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या अहवालाचा कोरा नमुना त्यांनी माझ्यासमोर ठेवला. "तुम्ही भरा. मी सही करतो. आठ दिवस आहेत."

त्याच संध्याकाळी माझे होणारे सासरे माझी चौकशी करायला साहेबांच्या घरी गेले. पेठेतली रीतच ती. त्यांनी विचारलं, "मुलगा कसा आहे? प्रामाणिक आहे ना?"

साहेब म्हणाले, "चाचणी चालू आहे. आठ दिवसांनी या."

बायको सांगते, त्या दिवशी तिच्या घरी कोणी जेवलं नाही. 'मुलाच्या कसल्याशा चाचण्या चालू आहेत' एवढंच घरापर्यंत पोचलं. सासूबाई क्षय धरून चालल्या होत्या.

मी पहिला अहवाल लिहिला. "हवामान अनुकूल नसल्याने तुलनेच्या ओळीत रोग आला नाही." साहेबांनी वाचून परत दिला. "पाऊसही तुम्हीच धुऊन ठेवलात का?"

दुसरा लिहिला. "अनवधानाने काही फवारणी झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य मला फार आवडलं होतं. तो द्यायला मी सदाशिव पेठेत गेलो. साहेब घरी नव्हते. काकूंनी बसायला सांगितलं, पाणी आणायला फ्रिज उघडला. आतले कप्पे रिकामे. एका कप्प्यात भेंडी होती. फ्रिज आल्यापासून पहिल्यांदाच त्या घरात भेंडीला कप्पा मिळाला होता.

"टाकली पाकिटं?" मी विचारलं.

काकूंनी दाराकडे एकदा बघितलं. मग ओट्याखालून साबुदाण्याचा मोठा डबा ओढला, झाकण काढलं. खाकी पाकिटं, एकावर एक, दोऱ्याने बांधलेली.

"टाकली, असं सांगितलंय त्यांना," म्हणाल्या. "यांच्या रागावर मी काही टाकत नाही. राग उतरला की मलाच कचऱ्यात शोधायला लावतील." आणि डबा बंद करता करता हळूच, "काय झालं हो त्या रोगाला? माझ्या हातून दार उघडं राहिलं असेल का खरंच? मला आठवत नाही, पण हे म्हणतात."

मी दुसरा अहवाल खिशात घातला. "काकू, एक कोरा कागद द्याल?"

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिसरा लिहिला. फार नव्हतं लिहायला. बड्या साहेबांनी काय सांगितलं, मी काय ऐकलं, पंप कोणी मारला. चाचणी रद्द. पेन खाली ठेवलं तेव्हा कायम होण्याचा कागद, लग्न, सासऱ्यांची डिंकाची बाटली, सगळं मला फ्रिजच्या त्या रिकाम्या कप्प्यात दिसत होतं. भेंडीशेजारी.

साहेब आले. उभ्यानेच वाचलं. खाली सही केली आणि सहीवर स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: 'जागेवर नसल्याची जबाबदारी माझी.' मग काकूंना म्हणाले, "अहो, दार तुम्ही बंदच केलं होतंत." त्या घरात याला माफी मागणं म्हणत. काकूंनी चहा टाकला, म्हणजे माफी मिळाली.

मी त्या वर्षी कायम झालो नाही. पुढच्या वर्षीही नाही. साहेबांची तर वार्षिक शेऱ्यात अशी काही वर्णनं झाली की ती त्यांनी चवीने वाचून दाखवली. पुढच्या हंगामात चाचणी पुन्हा घेतली. काकूंच्या साबुदाण्याच्या डब्यातला करपा चांगला पेटला. नाजूकरावांनी अकराव्या दिवशी डोळा उघडला आणि पेढे मला वाटायला लावले गेले. बावन्न मात्र नाजूकच्याही आधी जळालं. नाजूकचा दुसरा नंबर येण्याची ती पहिलीच वेळ. हौसाबाई त्या काळ्या ओळीकडे बघत म्हणाल्या, "ह्येच वाटायचं व्हतं व्हय मावळात? लोकांनी दारात आणून टाकलं असतं." बडे साहेब तोवर बढतीवर दिल्लीला गेले होते. वाणांच्या रोगप्रतिकारावर ते तिथे व्याख्यानं देतात, असं ऐकलं.

साहेब निवृत्त झाले तेव्हा समारंभ झाला. चार वक्त्यांनी त्यांना निष्कलंक म्हटलं. हे उत्तराला उठले आणि म्हणाले, "माझी चाचणी नीट झालेली नाही. मला कोणी कधी काही देऊच केलं नाही." आणि बसले. नारळ घेतला, शाल घेतली नाही. लोकर आहे का ते भिंगातून पाहिलं आणि परत दिली.

सासरे मात्र आठ दिवसांनी ठरल्याप्रमाणे पुन्हा गेले होते. दोघांत काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी, नातवाच्या बारशाला.

"मी विचारलं, झाली का चाचणी? तर म्हणाले, 'झाली. डाग पडले.' माझा जीव खाली-वर. म्हटलं, मग? तर म्हणाले, 'ज्याच्यावर एकही डाग नाही ते वाण मी कोणाला सुचवत नाही. ते कधीतरी एका हंगामात सगळंच्या सगळं जातं. थोडे डाग पडून उभं राहतं ते टिकतं. हा टिकेल.' मी म्हटलं, म्हणजे प्रामाणिक आहे? म्हणाले, 'आता आहे.' आणि नोकरी? 'ती लांबली. म्हणून तर कळलं.'"

"आणि तेवढ्यावर तुम्ही मुलगी दिलीत?"

"मला काही उमगलं नाही," सासरे म्हणाले. "पण जिन्यात त्यांची बायको मागून आली. म्हणाली, देऊन टाका. पस्तीस वर्षांत यांनी कोणाबद्दल एवढं चांगलं बोललेलं मी ऐकलं नाही."

हे सगळं लिहून काढलं आणि काल बायकोला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग पानं मागे उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं.

"दुसऱ्या दिवशी पुन्हा मारला?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"दोनदा? इतकी वर्षं पाहुण्यांना एकदाच सांगत होतात तुम्ही."

"ते... राहून जायचं."

तिने चष्मा काढला, माझ्यासमोरचा अर्धा प्यालेला कप उचलला आणि आत जाता जाता म्हणाली,

"असू दे. आणखी एक डाग मांडून ठेवते. हंगाम कुठे संपलाय अजून."